बाक, भाडे आणि पंगत : न्यूयॉर्कच्या होली अपॉसल्स पॅरिशचा इतिहास वाचताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मंडळीच्या वाटचालीची पुस्तिका काढायची ठरली असून पाळकांची यादी, कोनशिलेची तारीख, घंटेची आणि छपराची हकीकत हे सारे जमले आहे. पण ‘समाजसेवा’ या प्रकरणात चार देणग्या आणि दोन रक्तदान शिबिरे यांच्या पलीकडे काय लिहावे, ते समितीला सुचत नाही. मध्यंतरी मुलीकडे अमेरिकेला गेला असताना न्यूयॉर्कमधल्या होली अपॉसल्स या एपिस्कोपल चर्चमध्ये आपण एक सकाळ वाढायला उभे राहिलात आणि वेदीसमोरच जेवणाची टेबले मांडलेली पाहून थक्क झालात. हे तिथे कसे घडले आणि त्यातून आपल्या पुस्तिकेसाठी काही शिकता येईल का, असे आपण विचारले आहे. चर्चची जुनी दफ्तरे लावणे, रजिस्टरे जपणे आणि त्यांतून मंडळ्यांचे इतिहास लिहून देणे हे काम मी गेली सत्तावीस वर्षे करते आहे. त्यातला काही काळ महाराष्ट्रात गेला, काही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. त्या अनुभवावरून सांगते की आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच वस्तूपाशी सापडते, आणि ती वस्तू म्हणजे चर्चमधले बसण्याचे बाक.

आधी ‘एपिस्कोपल’ या शब्दाचा उलगडा करते, कारण आपल्याकडे त्याचा बराच घोळ होतो. बिशपांच्या देखरेखीखाली चालणारी ती एपिस्कोपल मंडळी; अमेरिकेत हे नाव इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या तिथल्या शाखेने घेतले. स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेतल्या पाळकांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे शक्य नव्हते आणि त्या शपथेवाचून इंग्लंडमध्ये बिशपपदाची दीक्षा मिळत नव्हती. म्हणून सॅम्युएल सीबरी यांनी १७८४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ती दीक्षा घेतली, आणि १७८९ मध्ये फिलाडेल्फिया येथे या मंडळीची स्वतःची घटना आणि स्वतःचे प्रार्थनापुस्तक ठरले. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये अँग्लिकनांसह अनेक मंडळ्या एकत्र येऊन झाली, तेव्हा नात्याने आपण आणि ते एकाच कुटुंबातले आहोत.

पॅरिश म्हणजे या रचनेतला सर्वांत खालचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा घटक. तिचा मुख्य पाळक तो रेक्टर. तिचा कारभार व्हेस्ट्री नावाची, सभासदांनी निवडलेली समिती पाहते; पाळकांचे झगे ठेवण्याच्या खोलीत या समितीच्या बैठका होत असत, त्यावरून तिला हे नाव पडले. रेक्टरची नेमणूक, छपराची डागडुजी, कोळशाचे बिल, सगळे व्हेस्ट्रीपुढे येते आणि इतिवृत्तात उतरते. शिवाय प्रत्येक पॅरिशला दरवर्षी बिशपांच्या कार्यालयाकडे बाप्तिस्मे, विवाह, अंत्यविधी, सभासदसंख्या आणि जमाखर्च यांचा अहवाल पाठवावा लागतो. म्हणूनच या मंडळ्यांचा इतिहास लिहिणे एका अर्थी सोपे असते. अडचण एवढीच की या कागदांत पैसा आणि इमारत भरपूर सापडते, सेवा मात्र फार क्वचित सापडते. ती शोधायची तर पैशाच्या आणि इमारतीच्या नोंदी वेगळ्या नजरेने वाचाव्या लागतात.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बहुतेक एपिस्कोपल पॅरिशचा खर्च बाकांच्या भाड्यावर चालत असे. एखादे कुटुंब एक बाक विकत घेई किंवा वर्षाच्या बोलीने भाड्याने घेई. वेदीजवळच्या बाकांना दर जास्त, खांबाआडच्या आणि मागच्या बाकांना कमी. अनेक चर्चमध्ये बाकांना गुडघाभर उंचीची दारे आणि दारांवर क्रमांकाच्या पितळी पट्ट्या असत. ज्याला भाडे परवडत नसे त्याने सज्जात किंवा शेवटच्या काही मोफत बाकांवर बसावे. एका जुन्या पॅरिशची भाड्याची खतावणी मी स्वतः लावली आहे. डाव्या बाजूला बाकाचा क्रमांक, मग कुटुंबाचे नाव, मग तिमाहीची रक्कम आणि थकबाकी असेल तर तांबड्या शाईत. एका बाकासमोर सलग तीन तिमाह्या तांबड्या होत्या आणि चौथ्या तिमाहीला त्याच क्रमांकापुढे दुसरेच नाव आले होते. पहिल्या कुटुंबाचे काय झाले हे त्या वहीत कुठेही नव्हते. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात शोधले तेव्हा कळले की त्यांच्या धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा पुढच्याच वर्षी दूरच्या एका मिशन चॅपलमध्ये झाला होता. बाक गेला आणि बाकासोबत मंडळीही गेली.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला ‘तिकडे उभा राहा’ असे सांगणाऱ्या मंडळीची कानउघाडणी आहे, हे आपण उपासनेत कित्येकदा ऐकले असेल. बाकभाडे घेणाऱ्या मंडळ्यांतही तो उतारा वाचला जात होताच. ती माणसे दुष्ट होती असे मला म्हणायचे नाही. रेक्टरचा पगार, दिवाबत्ती, गायनवृंद हे सारे त्या भाड्यावर चालत होते आणि दुसरा मार्ग कोणाला ठाऊक नव्हता. पण या पद्धतीचा एक परिणाम मॅनहॅटनच्या नकाशावर आजही दिसतो. सधन कुटुंबे बेटाच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेकडे सरकू लागली, तशी त्यांच्या बाकभाड्यावर जगणारी चर्चही जुनी जागा विकून त्यांच्यामागे उत्तरेकडे गेली. ग्रेस चर्च १८४६ मध्ये दहाव्या रस्त्याजवळ आले, सेंट थॉमस चर्च १८७० मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर त्रेपन्नाव्या रस्त्याला पोहोचले. मागे राहिलेल्या वस्तीत गोदीकामगार आणि नवे स्थलांतरित होते. त्यांच्याकडे भाड्याला पैसे नव्हते.

या पद्धतीला ज्यांनी ठामपणे नकार दिला, त्यांच्यापैकी विल्यम ऑगस्टस म्यूलेनबर्ग यांचे नाव आपण लक्षात ठेवावे. सिक्स्थ ॲव्हेन्यू आणि विसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर १८४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या चर्च ऑफ द होली कम्युनियनमध्ये एकही बाक भाड्याचा नव्हता. जो आधी येईल तो हवा तिथे बसेल, एवढाच नियम. त्याच वर्षी संत लूकच्या सणाला त्यांनी दानार्पणाचा अर्धा भाग रुग्णालयासाठी बाजूला काढला. त्या वेळी रुग्णालयाचा पत्ताही नव्हता. १८५० मध्ये संस्था नोंदली गेली, १८५८ मध्ये सेंट लूक्स रुग्णालयाचे दरवाजे उघडले, आणि तिथे शुश्रूषा करणाऱ्या भगिनींच्या प्रमुख ॲन एयर्स होत्या. मोफत बाक आणि रुग्णालय या म्यूलेनबर्ग यांच्या आयुष्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी समजल्या जातात. मला त्या एकच वाटतात, कारण ज्या मंडळीत गोदीतला हमाल आणि व्यापारी शेजारी शेजारी बसतात, तिथे हमाल आजारी पडला की ते शेजाऱ्याला कळते.

पुढे १८८३ मध्ये सेंट जॉर्जेस या पॅरिशने विल्यम रेन्सफर्ड यांना रेक्टरपदासाठी बोलावले, तेव्हा त्यांनी घातलेल्या अटींपैकी पहिली अट बाक मोफत करण्याची होती. व्हेस्ट्रीवर त्या काळचे सर्वांत बडे सावकार जे. पी. मॉर्गन होते आणि त्यांनी ती मान्य केली. त्यानंतर त्या पॅरिशमध्ये मुलांचे वर्ग, हस्तकलेच्या शाळा, व्यायामशाळा, स्त्रियांच्या बैठका असा आठवडाभर चालणारा मोठा कारभार उभा राहिला. अशा मंडळ्यांना पुढे ‘इन्स्टिट्यूशनल चर्च’ असे नाव पडले.

आता होली अपॉसल्सकडे येते. नाइन्थ ॲव्हेन्यू आणि अठ्ठाविसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, चेल्सी वस्तीत, ही पॅरिश १८४४ मध्ये स्थापन झाली. हडसन नदीच्या धक्क्यावर काम करणाऱ्या स्थलांतरितांसाठी ट्रिनिटी चर्चने चालवलेल्या कामातून ती निघाली. म्हणजे तिचा जन्मच मुळी मोठ्या मंडळीने गरीब वस्तीकडे पाठवलेल्या कामातून झाला. इमारत १८४५ ते १८४८ या काळात मिनार्ड लाफेव्हर या वास्तुरचनाकाराने बांधली. विटांच्या भिंती, वर निमुळते होत गेलेले तांबे मढवलेले शिखर, आत कमानदार छत आणि विल्यम जे बोल्टन यांनी रंगवलेल्या काचा. १८५८ मध्ये रिचर्ड अपजॉन यांच्या पेढीने दोन्ही बाजूंना आडवी दालने जोडली. इमारत भव्य नाही; नीटस आहे. मला ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा एखाद्या मध्यम गावातल्या जुन्या चर्चसारखी आपलीशी वाटली होती.

मधल्या शंभर वर्षांवर मी इथे थांबत नाही. धक्के, रेल्वे आणि गोदामे यांच्या वस्तीतली ती एक साधी पॅरिश होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र तिच्याभोवतीचे सारे बदलले. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या मोठ्या संघटनेच्या पुढाकाराने जुनी घरे पाडून तिथे पेन साउथ ही सहकारी गृहवसाहत उभी राहिली. दहा उंच इमारती आणि २८२० घरे. १९६२ च्या मे महिन्यात तिच्या समारंभाला अध्यक्ष केनेडी स्वतः आले होते. त्या पाडापाडीतून चर्चची इमारत वाचली आणि आज ती त्या मनोऱ्यांच्या कडेला उभी दिसते. १९६६ मध्ये शहराने तिला वारसा इमारतीचा दर्जा दिला. पण इमारतीला दर्जा मिळाला म्हणून मंडळी भरत नाही. जुने सभासद वस्तीबरोबर गेले होते आणि सत्तरच्या दशकात पॅरिशची संख्या आणि पैसा दोन्ही आटत चालले.

याच आटलेल्या काळात या मंडळीने जे केले ते मला तिच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान वाटते. ज्यांना शहरात कोणी जागा देत नव्हते त्यांना तिने आपले दालन वापरू दिले. १९७० च्या सुमारास समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांच्या सभा इथे भरत. १९७३ मध्ये समलिंगी ज्यूंनी स्थापन केलेल्या प्रार्थनामंडळीच्या पहिल्या उपासनाही याच छपराखाली झाल्या. १९७६ च्या अधिवेशनात एपिस्कोपल चर्चने स्त्रियांना पुरोहितदीक्षा देण्यास मान्यता दिली आणि १० जानेवारी १९७७ रोजी बिशप पॉल मूर यांनी एलन बॅरेट यांना ती दीक्षा दिली, तीही इथेच. आपले समलिंगी असणे न लपवता या मंडळीत पुरोहितदीक्षा घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या वेळी देशभर गदारोळ उठला. या निर्णयांविषयी आपली किंवा आपल्या समितीची मते काहीही असोत, इतिहासकार म्हणून मला त्यांतला धागा दिसतो तो असा: ही मंडळी आपल्या जागेकडे मालमत्ता म्हणून पाहणे हळूहळू सोडून देत होती. पुढे जे घडले त्याची तयारी आधी या सवयीत झाली.

१९८२ साल न्यूयॉर्कला फार कठीण गेले. देशातील बेरोजगारीचे प्रमाण वर्षअखेरीस १०.८ टक्क्यांवर पोहोचले होते. केंद्र सरकारने कल्याणकारी योजनांना कात्री लावली होती. राज्याच्या मनोरुग्णालयांतून मोठ्या संख्येने रुग्ण बाहेर पाठवले गेले होते आणि ते ज्या स्वस्त, एकेका खोलीच्या लॉजमध्ये राहत ती लॉज मालक पाडून किंवा महाग करून टाकत होते. बेघर पुरुषांना निवारा देणे हे शहराचे कर्तव्य आहे, अशी तडजोड १९८१ मध्ये कॅलाहन विरुद्ध केरी या खटल्यात झाली खरी. पण निवाऱ्यात खाट मिळाली तरी दिवसा माणसाने खायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. पेन स्टेशन इथून चालत दहा मिनिटांवर आहे आणि त्या स्थानकाच्या परिसरात दिवस काढणारी माणसे चर्चच्या पायऱ्यांवर येऊन बसत.

पॅरिश त्या वेळी बंद पडण्याच्या बेतात होती. रेक्टर रँड फ्रू आणि उरलेल्या मूठभर सभासदांनी ठरवले की बंद पडायचेच असेल तर निदान काही उपयोगाचे काम करत असताना बंद पडावे. ऑक्टोबर १९८२ मध्ये शेजारच्या मिशन हाउसमध्ये दुपारचे गरम जेवण सुरू झाले. पहिल्या दिवशी सुमारे ३५ माणसे जेवली. काही वर्षांत हा आकडा रोज हजाराच्या घरात गेला आणि आज हे एपिस्कोपल चर्चमधील सर्वांत मोठे अन्नछत्र मानले जाते. सोमवार ते शुक्रवार रोज जेवण असते, सुटीचा वार आला तरी असते. नाव, धर्म, कागदपत्रे, मिळकत यांपैकी काही विचारले जात नाही आणि जेवणाच्या बदल्यात प्रार्थनेला बसावे लागत नाही.

हा शेवटचा नियम किरकोळ वाटेल, पण त्याच्यामुळे सारे बदलते. ‘गरजू’ कोण हे ठरवायला बसले की टेबलामागे एक कारकून बसतो, कारकुनासमोर रांग लागते आणि रांगेतल्या माणसाला आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागते. इथे तसे नसल्यामुळे येणाऱ्यांना ‘पाहुणे’ म्हणतात आणि ते म्हणणे खोटे ठरत नाही. आपण वाढायला उभे होता, तेव्हा आपल्यालाही जाणवले असेल. मी तिथे उभी राहिले त्या दिवशी माझ्याकडे भाजीचा डाव होता. ट्रे पुढे सरकत होते आणि मी खाली मान घालून मोजून वाढत होते. शेजारच्या वयस्क स्वयंसेविकेने हळूच सांगितले, ‘भाजीकडे नको, तोंडाकडे बघा.’ मान वर केली तेव्हा समोर इस्त्रीचा सदरा घातलेला, हातात वर्तमानपत्राची घडी असलेला एक गृहस्थ होता आणि तो मला ‘शुभ सकाळ’ म्हणायची वाट पाहत थांबला होता.

आता बाकांची गोष्ट. ९ एप्रिल १९९० रोजी, पवित्र सप्ताहाच्या सोमवारी, इमारतीच्या दुरुस्तीचे काम चालू असताना छपराला आग लागली. छप्पर गेले, काही रंगीत काचा गेल्या. इतकी मोठी आपत्ती कोसळलेल्या मंडळीने काही आठवडे अन्नछत्र बंद ठेवले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण मिशन हाउसमधले जेवण थांबले नाही. दुसऱ्या दिवशीही पाहुणे आले आणि जेवून गेले. रेक्टर विल्यम ग्रीनलॉ यांच्या काळात जीर्णोद्धार झाला आणि १९९४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. छप्पर पूर्वीसारखेच झाले, काचा जमतील तितक्या जुळवल्या गेल्या. बाक मात्र परत बसवले नाहीत.

बाक नाहीत म्हणजे दालनाची सगळी जमीन मोकळी. रविवारी खुर्च्या मांडून उपासना करता येते आणि सोमवारी त्याच जागी गोल टेबले लावून माणसे जेवायला बसवता येतात. मिशन हाउस अपुरे पडू लागले होते, ती अडचण एका निर्णयाने सुटली. आपल्याला जे दृश्य पाहून धक्का बसला ते असे घडले: आधी भूक वाढली, मग आग लागली, आणि मग व्हेस्ट्रीपुढे एक साधा प्रश्न आला की जे जळले ते जसेच्या तसे परत उभे करायचे का. जीर्णोद्धार करणाऱ्या बहुतेक मंडळ्या या प्रश्नाचे उत्तर विचार न करता ‘हो’ असे देतात. यांनी विचार केला, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

वेदीच्या पावित्र्याचे काय, असे आपण विचारले आहे. आपण मराठी ख्रिस्ती माणसे वेदीला ‘प्रभूचा मेज’ म्हणतो आणि त्या मेजावरच्या विधीला ‘प्रभुभोजन’. दोन्ही शब्द जेवणाचे आहेत. एका छपराखाली कोणी कोणासोबत खावे-प्यावे हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनच्या आवारात रानडे, टिळक आणि इतर मंडळींसमोर चहा-बिस्किटे आली, तेव्हा त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झाले आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. पंचहौदचे ते चर्चही अँग्लिकनच. एक कप चहा इतका जड ठरू शकतो हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला होली अपॉसल्समधल्या गोल टेबलांचा अर्थ समजावून सांगावा लागू नये असे मला वाटते. त्या टेबलांमुळे वेदी विटाळत नाही.

तरीही या कामाकडे डोळे झाकून पाहू नये. आणीबाणी म्हणून सुरू झालेले जेवण चाळीस वर्षांहून अधिक काळ रोज शिजवावे लागते, ही त्या शहरासाठी अभिमानाची गोष्ट नव्हे. घरभाडे, औषधोपचार आणि वेतन यांचे प्रश्न अन्नछत्राने सुटत नाहीत, हे तिथे काम करणारेही जाणतात. म्हणून जेवणाबरोबर निवाऱ्याची, दवाखान्याची, कागदपत्रांची माहिती देणारे समुपदेशक बसू लागले, आणि नव्वदच्या दशकात पाहुण्यांसाठी लेखनाचा वर्गही सुरू झाला. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे आत बसणे बंद झाले, तेव्हा बांधलेले जेवण दारातून दिले गेले. रोजचा नेम चुकला नाही.

याच्या शेजारी म्यूलेनबर्ग यांच्या चर्चचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण इतिहास लिहिताना यशाचीच गोष्ट निवडण्याचा मोह होतो. होली अपॉसल्सपासून ते चालत वीस मिनिटांच्या आत आहे. तिथली मंडळी सत्तरच्या दशकात घटत गेली, पॅरिश शेजारच्या दोन पॅरिशमध्ये विलीन झाली, इमारतीचे उपासनास्थान म्हणून असलेले विधिवत स्थान काढून ती विकली गेली आणि १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे लाइमलाइट नावाचा नाइट क्लब उघडला. मोफत बाकांचा आग्रह जिथे धरला गेला तिथे आज एकही बाक नाही. एकाच वस्तीतल्या, जवळजवळ एकाच वयाच्या, सारख्याच आटत चाललेल्या दोन पॅरिशच्या वाटा साधारण एकाच सुमारास अशा वेगळ्या झाल्या. विलीन होणाऱ्यांना मी दोष देत नाही. छपराचे बिल भरता न येणे म्हणजे काय, ते मी अनेक इतिवृत्तांत वाचले आहे. पण आपल्या पुस्तिकेत असा काही काळ असेल, एखादी शाळा किंवा वसतिगृह बंद पडले असेल, एखादी जागा विकली गेली असेल, तर ते पान गाळू नका. कोणत्या बैठकीत, कोणती कारणे देऊन तो निर्णय झाला, ते लिहा.

आता आपल्या कामाविषयी. समाजसेवेचे प्रकरण वेगळे काढूच नका, असे माझे सांगणे आहे. ते वेगळे काढले की त्यात देणग्यांची यादीच येणार. त्याऐवजी आपल्या चर्चमधली जागा आजवर कोणी कोणी आणि कशासाठी वापरली, हा एकच प्रश्न घेऊन जुने कागद पुन्हा वाचा. दुष्काळात आवारात कोणाला उतरवले होते? प्लेगच्या किंवा इन्फ्लुएन्झाच्या साथीत शाळेच्या खोल्यांत काय चालले होते? अंत्यविधीच्या रजिस्टरात एकाच महिन्यात नोंदी दाटल्या असतील, तर त्याच महिन्याचे इतिवृत्त काढून शेजारी ठेवा. विजेच्या बिलात अचानक वाढ दिसली, तर संध्याकाळी कोणता वर्ग भरू लागला होता त्याचा शोध घ्या. बसण्याची व्यवस्था कशी होती, पुढे कोण बसे आणि मागे कोण, स्त्रिया कुठे, नवख्या जातीतून आलेली कुटुंबे कुठे, हे म्हाताऱ्या सभासदांना विचारा. हा प्रश्न अवघड आहे आणि काही जण उत्तर टाळतील, तरी विचारा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. सेवेचा इतिहास नाहीसा होतो तो बहुधा सफाईत. काही वर्षांपूर्वी एका पॅरिशचे दफ्तर लावायला मी गेले होते. व्हेस्ट्रीची दीडशे वर्षांची इतिवृत्ते त्यांनी लोखंडी कपाटात, कापडात गुंडाळून जपली होती; पण तिथल्या स्त्रियांनी वीस-बावीस वर्षे चालवलेल्या स्वयंपाकघराच्या वह्या, म्हणजे रोज किती माणसे जेवली, किती तांदूळ लागला, कोण आजारी म्हणून आले नाही, त्या सगळ्या मी पोहोचण्याच्या आदल्याच महिन्यात रद्दीत गेल्या होत्या. ‘त्यात काही ऐतिहासिक नव्हते,’ असे मला सांगण्यात आले. त्या वह्यांपैकी एकच शिल्लक राहिली, कारण ती एका बाईंच्या घरी राहून गेली होती. तिच्या कडेला हळदीचे डाग होते आणि मागच्या पानावर ज्यांना डबा पोहोचवायचा त्या अकरा घरांचे पत्ते.

तेव्हा पुढच्या बैठकीआधी समितीतल्या कोणीतरी आपल्या मंडळीतल्या महिला संघाच्या जुन्या चिटणीसबाईंकडे जावे आणि घरी काही वह्या आहेत का, ते विचारावे. वह्या मिळाल्या तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दमटपणाने पाने चिकटतात; सुती कापडात गुंडाळा, गंजलेल्या टाचण्या काढून टाका आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या. पहिली वही मिळाली की मला कळवा. तिच्यातली नावे बाप्तिस्म्याच्या रजिस्टराशी कशी पडताळायची, ते मी सविस्तर लिहून पाठवीन.